दुकानाला फळ्या लावून पाहिलेला बझार

कोल्हापुरातला नवा बझार पाहून आल्यापासून गल्लीतल्या बायका गिरणीला जाता-येता माझ्यासमोर थांबतात आणि एकेक प्रश्न विचारतात. आत जायला तिकीट आहे का? वर जायला जिना आहे की पाळणा? पोराला घेऊन सोडतात का? प्रत्येकीला तेच सांगण्याच्या नादात माझी मापे चुकायला लागली. म्हणून आपल्या महिला मंडळाच्या अंकासाठी सगळे एकदाच लिहून काढते. तिकीट नाही. जिना आहे. पोराला सोडतात, पण हात धरून ठेवा, कारण तिथे सगळे पोराच्या हाताला लागेल अशा उंचीवर मांडले आहे.

आम्ही गेलो कशाला, हे आधी सांगायला हवे. कागलच्या बाजारगल्लीत कोपऱ्यावरचे किराणा दुकान आमचे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. सासऱ्यांनी काढले, आता हे चालवतात. सारे गाव यांना अण्णा म्हणते, म्हणून इथेही मी अण्णाच लिहिते. मुलगा पुण्याला कारखान्यात लागला. तो तराजूला हात लावणार नाही, हे आम्हा दोघांना कळून चुकले आहे. अशात त्या सहकारी बझाराने कागलात शाखा काढायचे ठरवले. तिथले व्यवस्थापक मुजावर साहेब येऊन दोन जागा पाहून गेले. एक तंबाखूची जुनी वखार, दुसरी आमची. आमची त्यांना कोपऱ्यामुळे पसंत पडली. आम्ही दुकान बंद करायचे, खालची जागा आणि मागचे कोठार बझाराला भाड्याने द्यायचे आणि वर माडीवर राहायचे, असा प्रस्ताव. त्यांच्या पंचमंडळींची बैठक जवळ आली होती. ते म्हणाले, आधी कोल्हापुरात येऊन आमचे काम बघा आणि तिथेच हो की नाही ते सांगा.

अण्णांना नाही म्हणायचे होते. मला हो म्हणायचे होते. त्यांचे म्हणणे एकच, "दुकान दिल्यावर मी दिसभर बसू कुटं?" आणि माझी गोष्ट उलटी. अण्णा जेवून माडीवर झोपायला जातात, तेव्हापासून ते चहाला खाली उतरेपर्यंत दुकानाच्या गादीवर मी असते. लग्न झाल्यापासून दुपार कशी असते ती मी दुकानाच्या आतूनच पाहिली आहे. बसून बसून गुडघे धरले. त्यांना बसायची काळजी आणि मला उठायची घाई.

तेव्हा आमच्यात असे ठरले की, चार माणसांत मी या विषयावर बोलायचे नाही, आणि बझार डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांनी नाही म्हणायचे नाही.

निघताना

आमच्या दुकानाला भर दुपारी फळ्या लागलेल्या कुणी पाहिलेल्या नाहीत. अण्णा एकेक फळी खाचेत बसवायला लागले तसे समोरचे शिंपी मशीन थांबवून बाहेर आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "कोन गेलं?"

अण्णा म्हणाले, "अजून कोन न्हाय. बघायला चाललोय."

ते उत्तर ऐकून शिंप्यांनी टोपी काढली. मला मागे वळून खुलासा करावा लागला.

एस.टी.चा प्रवास सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला आहे, तो लिहीत नाही. एवढेच सांगते की गोकुळ शिरगावपर्यंत अण्णा बझाराविरुद्ध बोलत होते आणि तिथून पुढे झोपले. चैत्राचे ऊन होते, म्हणून छत्री घेतली होती. कोल्हापुरात उतरल्यावर उसाचा रस घेतला. कोल्हापुरात पाय ठेवला की आधी रस, हा अण्णांचा नेम आहे. रस पिताना त्यांनी मला बजावले की, बझारात गेल्यावर उगाच सगळ्याचे कौतुक करायचे नाही, नाहीतर मुजावरला वाटेल आम्ही भुललो. मी बरे म्हटले. माझ्याजवळ बघायच्या गोष्टींची यादी होती. कौतुक करायचे असे तिच्यात कुठे लिहिलेले नव्हते.

दाराशी

इमारत तीन मजली आहे. पुढच्या बाजूला पुरुषभर उंचीच्या काचा, आणि काचांच्या आत शालू नेसवलेल्या बाहुल्या उभ्या आहेत. बाहुल्या म्हणजे आपल्या एवढ्या. एका बाहुलीला नऊवारी नेसवली होती आणि तिचा काष्टा चुकलेला होता, हे मी यादीच्या मागे टिपून ठेवले.

दाराशी गर्दी अडली होती, त्याचे कारण मौजेचे होते. पायऱ्यांपासून आत सगळी फरशी इतकी घासलेली की छताचे पंखे तिच्यात दिसतात. आमच्यापुढे राधानगरीकडचे एक मोठे कुटुंब होते. म्हाताऱ्यापासून कडेवरच्या पोरापर्यंत सगळ्यांची पायताणे त्यांनी पायरीखाली ओळीने काढून ठेवली. ते पाहून अण्णांनी काढली, मग मीही काढली. कापडवाल्याच्या गादीवर चढताना आपण काढतोच, तेव्हा यात चुकले असे कुणालाच वाटले नाही. दारावरचा गडी कपाळाला हात लावून म्हणाला, "अवं पावणं, पायतानं घाला. ह्ये काय देऊळ न्हाय."

म्हातारा म्हणाला, "मग येवडं घासलंय कशापायी?"

गडी सांगू लागला की कालच एकाचे पायताण इथून गेले आणि त्याचा ठपका आपल्यावर आला. मग सगळ्यांनी पुन्हा पायात घातली. म्हाताऱ्याने मात्र ती हातात धरली आणि तसाच आत गेला. दोन्ही हातांत दोन पायताणे धरलेला तो माणूस मला शेवटपर्यंत कुठे ना कुठे दिसत राहिला.

दुसरी अडचण पिशव्यांची. पिशव्या दाराशी ठेवायच्या आणि पितळी बिल्ला घ्यायचा, असा नियम आहे. अण्णांना तो अपमान वाटला. आम्ही काय चोर आहोत का, असे ते विचारू लागले. मी त्यांना बाजूला घेऊन म्हटले, आपल्या दुकानात तरी पिशवी घेऊन कोण आत येते? तर ते म्हणाले, "आपल्या दुकानात आत येतंयच कोन?"

हे अगदी खरे आहे, आणि बझाराचे सारे वेगळेपण त्यातच आले. आमच्याकडे माल आत, गिऱ्हाईक बाहेर आणि मध्ये आम्ही. इथे गिऱ्हाईक मालाच्या मधोमध हिंडते. मधले माणूसच काढून टाकले आहे.

तळमजला

तळमजल्यावर किराणा आणि भुसार आहे. तारेची टोपली हातात घ्यायची, आपल्याला हवे ते आपणच मांडणीवरून उचलायचे आणि दाराजवळ पैसे द्यायचे. तांदूळ, डाळी, गूळ, सगळे आधीच मापून पिशव्यांत भरलेले. तोंडे गरम करून चिकटवलेली. भाव विचारायचा नाही, वाचायचा. वाचता येत नाही त्यांच्यासाठी निळ्या साडीतल्या विक्रेत्या बायका उभ्या असतात. आमच्या बाजूला होत्या त्यांचे नाव कांबळे बाई. एक खेडवळ बाई त्यांच्याशी तूरडाळीच्या भावावरून घासाघीस करत होती आणि कांबळे बाई शांतपणे सांगत होत्या, "मावशी, मी कमी केलं तरी ह्या कागदावरचं कमी हुनार न्हाय." तेव्हा त्या मावशी कागदाकडेच वळून म्हणाल्या, "लई माज आलाय व्हय?"

अण्णा खोट शोधायला आले होते. त्यांनी डाळीची पिशवी तळहातावर घेऊन वजन अजमावले. बरोबर निघाले. उजेडाकडे धरून खडे पाहिले. नव्हते. तांदळात चुरा पाहिला. तोही बेताचाच होता. प्रत्येक पिशवी ठेवताना ते थोडे अधिक गप्प होत गेले. मला आतून बरे वाटत होते, पण ठरल्याप्रमाणे मी काही बोलले नाही.

पण माणसाचा हात स्वस्थ बसत नाही. बघता बघता अण्णा मांडणीवरच्या पिशव्या सरळ करू लागले. पुढची मागे, मागची पुढे. खांद्यावरच्या उपरण्याने धूळ झटकू लागले. कानावर पेन्सिल होतीच, ती घरीदारी त्यांच्या कानावरच असते. कांबळे बाईंना वाटले, वरच्या मजल्यावरून कुणी नवे साहेब तपासायला आले असतील, म्हणून त्या थोड्या आदबीने बाजूला झाल्या.

आम्ही मिरच्यांच्या मांडणीशी होतो. चैत्र म्हणजे वर्षाची चटणी करायचे दिवस, तेव्हा तिथे बायकांची दाटी होती. ब्याडगी आणि संकेश्वरी, दोन्ही मिरच्या फुगलेल्या पिशव्यांत भरून ठेवल्या होत्या. शिवाजी पेठेतल्या एक उंच, मोठ्या आवाजाच्या बाई एक पिशवी कानाशी धरून खुळखुळवत होत्या. बी वाजते का ते बघत असाव्यात. त्यांचे समाधान होईना. त्यांनी अण्णांकडे पाहिले, कानावरची पेन्सिल पाहिली आणि विचारले, "ओ पावणं, ही तिखटाची हाय का नुसतीच रंगाची?"

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, मी इथला नव्हे. अण्णांच्या तोंडून ते निघणे शक्य नव्हते. गिऱ्हाईकाने विचारले की माल उघडून दाखवायचा, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेले. "दावतो की," म्हणाले, आणि पिशवीचे चिकटवलेले तोंड दोन अंगठ्यांनी टरकन फाडले.

पिशवी नुसती फाटली नाही, फुटली. मिरच्या जमिनीवर सांडल्या. तेवढ्यावर थांबले असते तरी निभावले असते. पण अण्णांनी दुकानात करतात तसे केले. चार मिरच्या तळहातांवर घेतल्या, कराकरा चोळल्या आणि बी वेगळे दाखवायला जोरात फुंकर मारली. आमच्या दुकानात ती फुंकर रस्त्यावर जाते. इथे डोक्यावर मोठा पंखा होता आणि चारी बाजू बंद.

आधी शिवाजी पेठेतल्या बाई शिंकल्या. मग कांबळे बाई. मग मिरचीचा खाट पसरत गेला तसतशा शिंका लांब लांब जाऊ लागल्या, डाळींकडून साखरेकडे, साखरेकडून दारापर्यंत. पैसे मोजणारा इसम मोजता मोजता शिंकला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला. पायताणेवाला म्हातारा डोळ्यांना लावायला एक हात मोकळा करावा म्हणून एक पायताण काखेत मारत होता. जो तो पदर, टोपी, उपरणे नाकाला लावून उभा होता आणि डोळ्यांतून पाणी गाळत हसत होता. मला हसू येत नव्हते. आपली जागा भाड्याने घेणाऱ्या माणसाच्या दुकानात आपण हे करून ठेवले, एवढेच मला दिसत होते.

नेमके तेव्हाच मुजावर साहेब जिन्यावरून खाली आले. आम्हाला पाहून त्यांनी दोन्ही हात जोडले, "या या अण्णा" म्हणायला तोंड उघडले आणि त्यांना जी शिंक लागली ती थांबेचना. थांबल्यावर त्यांनी विचारले, पिशवी कुणी फोडली. अण्णा काही बोलायच्या आत त्या उंच बाई पुढे झाल्या.

"मी सांगितली दावायला. मिरची न बघता कोन घेतं? तुमच्या आईनं घेतल्या हुत्या का कवा?"

मुजावर साहेब रुमालाने डोळे पुसत म्हणाले, "न्हाय घेतल्या, अक्का. पर माझी आई एकच पोतं उघडून बघायची. तुमी समद्या येऊन पन्नास पिशव्या फोडल्यासा तर मी कुटं जाऊ?"

"मंग एक पोतं उघडं ठेवा की. त्यात काय येवडं?"

बाईंनी पुन्हा अण्णांना धरले. पिशवी फोडलीच आहे तर आता सांगा, घेऊ का नको? अण्णांचे डोळे लाल झाले होते. त्यांनी हातावरच्या मिरचीचे देठ पाहिले, वास घेतला आणि मुजावर साहेबांच्या समोर सरळ सांगितले, "ही नका घेऊ, गेल्या सालची हाय. ती खालची घ्या, ती नवी हाय."

इतकी वर्षे मी दुकानात बसते, पण आमच्या मालाविषयी हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलेले नाही. आमच्या दुकानात सगळीच मिरची नवी असते. पण दुसऱ्याच्या दुकानात माणूस खरे बोलायला मोकळा होतो. बायकांनी वरच्या पिशव्या मागे सारल्या आणि खालच्या ओढल्या. मी मुजावर साहेबांच्या तोंडाकडे पाहिले. ते काही हसत नव्हते. मला वाटले, संपले. आता हा माणूस तंबाखूच्या वखारीला हो म्हणणार, आणि माझी दुपार जन्मभर गादीवर जाणार.

वरचा मजला

मुजावर साहेब रीतीचे माणूस. बोलावले आहे तर दाखवलेच पाहिजे, अशा रीतीने ते आम्हाला वर घेऊन गेले. मधल्या मजल्यावर कापड, भांडी आणि सौंदर्यप्रसाधने आहेत. आरशाची एक खोली आहे, तिच्यात जाऊन सदरा घालून बघता येतो. बसत नसेल तर परत टांगून ठेवायचा, कुणी रागावत नाही. स्टीलची भांडी वाजवून बघायला मनाई आहे, पण सगळे वाजवतात. ज्यांना कापड घ्यायचे आहे त्यांनी जेवून मग जावे. तागे उलगडून दाखवणारे कुणी नसते, आपणच उलगडायचे, आणि त्यात वेळ जातो.

अण्णा आणि मुजावर साहेब जागेच्या लांबीरुंदीविषयी काही बोलत पुढे गेले. मी साबणांपाशी थांबले.

आता हे कुणाला खरे वाटणार नाही, पण लग्न झाल्यापासून मी साबण निवडलेला नव्हता. दुकानदाराच्या घराची रीत वेगळी असते. लोकांना वाटते, किराणा दुकानवाल्याची बायको, तिला काय कमी. कमी काही नसते. पण जे खपत नाही ते घरात येते. फुटलेली बिस्किटे आमच्या चहाबरोबर. पोरकिडे पडायच्या बेतात असलेले पोहे आमच्या कांद्यात. उन्हाने वेष्टनाचा रंग उडाला की तो साबण आमच्या मोरीत. यात कुणाची चूक नाही. चांगला माल घरात वापरला तर विकायचे काय? मीही तसेच करत आले, नवा माल आला की जुना मी स्वतःच माडीवर नेते.

त्या मांडणीवर मात्र सगळे साबण नवे होते. वेष्टने कोरी करकरीत. मी एक उचलला, वेष्टनावरून वास घेतला, ठेवला. दुसरा उचलला. चंदनाचा, गुलाबाचा, लिंबाचा, एक नुसताच हिरवा. कुणी घाई करत नव्हते, कुणी "काय देऊ वहिनी" म्हणत नव्हते. किती वेळ गेला कळले नाही. चंदनाचा जवळजवळ ठरला होता, तेवढ्यात मनात आले की तो रोजच्याला जड होईल, आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

मागे अण्णा येऊन उभे होते. कधीपासून, माहीत नाही. ते म्हणाले, "घरी साबन हाय की."

मी म्हटले, "हाय. खपंना म्हनून हाय."

हे मी तक्रार म्हणून बोलले नाही. रोज मोरीत जे असते तेच सांगितले. अण्णा तिथून हलले नाहीत. मी हिरवा उचलला तेव्हा त्यांनी हातातल्या माझ्या छत्रीची मूठ या हातातून त्या हातात घेतली आणि उभे राहिले. मुजावर साहेबांनी लांबून दोनदा हाक मारली. अण्णांनी हात वर करून त्यांना थांबायची खूण केली. शेवटी मी गुलाबाचा घेतला.

उपाहारगृहात

सर्वांत वरच्या मजल्यावर उपाहारगृह आहे. टेबले स्वच्छ, खिडकीतून गावातली कौले आणि त्यांच्यापलीकडे गिरणीचे धुराडे दिसते. चहा गोड असतो. वडा बरा, पण आपल्या स्टँडवरच्याइतका नाही. बायकांनी एकट्या बसून खाल्ले तरी कुणी बघत नाही, ही तिथली सर्वांत चांगली सोय आहे.

मुजावर साहेबांनी चहा मागवला आणि बशीत ओतण्यापूर्वीच विषय काढला. त्यांनी काही लपवले नाही. वखारवाला तयार आहे, म्हणाले. तुमची जागा मला जास्त पसंत आहे, पण आजचे बघितल्यावर एक भीती वाटते. जागा तुमची, तुम्ही वर माडीवर राहणार. रोज खाली उतरून पिशव्या फोडणार का?

अण्णा म्हणाले, "फोडनार न्हाय. पर जुनी मिरची असली तर सांगनार."

मुजावर साहेबांनी बशी खाली ठेवली. मी टेबलाखाली पदराचे टोक पिळत होते. मग ते म्हणाले, "सांगा. मला आधी सांगा, गिऱ्हाईकाला मागनं."

"आदी तुमाला," अण्णांनी कबूल केले.

"मंग काय ठरलं?"

ठरल्याप्रमाणे मी तोंड उघडले नाही. खिडकीकडे बघत राहिले. इतके दिवस अण्णा जे म्हणत होते ते आता म्हणतील आणि आपण एस.टी. गाठू, अशी मनाची तयारी केली. अण्णा मुजावर साहेबांकडे न बघता माझ्याकडे बघत होते.

"किती येळ लावलास गं निवडायला," ते म्हणाले.

मी म्हटले, "झाला थोडा उशीर."

"न्हाय, लावावा की. मी बघत हुतो. तू काय निवडतीयास असं मी कवा बघितलंच न्हवतं." मग ते मुजावर साहेबांकडे वळले. "घ्या जागा. कागद पाठवा."

मुजावर साहेबांना मधले काहीच कळले नाही. कळण्यासारखे नव्हतेही. त्यांनी आनंदाने दुसरा चहा मागवला. मला मात्र राहवले नाही आणि चार माणसांत न बोलण्याचा करार मी तिथे मोडला. विचारले, "मंग तुमी बसनार कुटं?"

"बघू की," अण्णा म्हणाले. "कागलात कट्टं काय कमी हायत?"

जाणाऱ्यांसाठी दोन-तीन सूचना देते आणि मग संपवते. सोमवारी जाऊ नये, बझार बंद असतो. पितळी बिल्ला पदराला बांधावा, हरवला तर पिशवी मिळायला फार वेळ लागतो. मिरची घ्यायची असेल तर खालच्या मांडणीवरची घ्यावी. आणि नाकाला धरायला रुमाल असावा, कारण परत निघताना दाराशी आलो तरी तो पैसे मोजणारा इसम शिंकतच होता.

कागल

कागलात उतरलो तेव्हा दिवे लागत होते. एस.टी.तून उतरल्यावर नेहमी अण्णा तरातरा पुढे आणि मी मागे. त्या दिवशी ते सावकाश चालत होते. चावडीसमोरच्या कट्ट्याशी थांबले, बसून पाहिले आणि उठले. म्हणाले, इथे सकाळी ऊन येणार. पुढे बँकेची पायरी होती, तिच्यावर टेकले, पण येणाऱ्याजाणाऱ्यांना पाय बाजूला घ्यावे लागत होते, म्हणून तीही सोडली. सायकलवाल्याच्या दुकानाबाहेरचा बाक बरा होता, पण एक पाय डुगडुगत होता. मी हातात पिशवी आणि छत्री घेऊन प्रत्येक ठिकाणी शेजारी उभी. मी साबणांशी उभी होते तेव्हा ते उभे होतेच, तेव्हा मी कशाला घाई करू?

शेवटी पिंपळाच्या पारावर बसले. पाठ टेकवून पाहिली. डावीकडे आमच्या कोपऱ्यावरच्या फळ्या दिसत होत्या, उजवीकडे सारा बाजार. वारा होता. इथे बरे आहे, म्हणाले. समोरून शिंपी मशीनवर झाकण घालता घालता आमच्याकडे बघत होते.

मी उभीच होते. दुकान उघडायला हवे, दिव्यात तेल घालायला हवे, असे काहीतरी म्हणाले असेन. अण्णा थोडे सरकले आणि शेजारची जागा उपरण्याने झटकली.

"बस की," ते म्हणाले. "तुला काय दुकान उगडायचंय व्हय?"

मी आधी गल्लीत इकडेतिकडे पाहिले. मग छत्री पाराला टेकवली आणि बसले.